पैनगंगेच्या अलीकडचे रिव्हॉल्व्हर

आदिलाबादहून नागपूरकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४४ थोड्याच वेळात पैनगंगेच्या पुलावर येतो. पुलाअलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. बेला, जैनथ, तांसी, भीमपूर या मंडलांतल्या मराठी घरांच्या सोयरिकी नदीपलीकडे, उधाऱ्या नदीपलीकडे, दवाखानाही पुष्कळदा नदीपलीकडेच. माणसे दिवसातून दोनदा पूल ओलांडतात. नानांच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर मात्र कधीही ओलांडू शकत नसे. शस्त्र परवान्यावर क्षेत्राचा एक रकाना असतो आणि नानांच्या परवान्यावर त्यात एकाच राज्याचे नाव होते, आधी आंध्र प्रदेश, २०१४ नंतर तेलंगणा. त्या राज्याबाहेर तेच शस्त्र बेकायदा ठरते. नदीपलीकडच्या पांढरकवड्याची वसुली करून पिशवीत रोकड घेऊन रात्री परतणाऱ्या माणसाला संरक्षण हवे असायचे ते नेमके या रस्त्यावर. पण त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असायचे.

नाना म्हणजे माझे वडील. आदिलाबादच्या कापूस बाजारात त्यांची अडत होती, आता ती मी बघते. त्यांनी परवाना काढला तो नव्वदच्या दशकात. तेव्हा हा जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद हे जिल्हे त्यातून वेगळे झाले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. जंगलपट्ट्यात पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलमे फिरत. ठेकेदार, सरपंच, व्यापारी यांना चिठ्ठ्या येत. बंदुकीची इथली आठवण त्याहून जुनी आहे. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड आदिवासींचे नेते कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सरकारी आकड्यानुसारच १३ माणसे गेली. अशा मुलखात सीझनला बँकेतून रोकड काढून शेतकऱ्यांचे चुकारे करणाऱ्या अडत्याला शस्त्र हवेसे वाटले, यात नवल नव्हते.

त्यांना मिळाले ते एक जुने विलायती .३२, पाच इंची नळीचे, सगळे पोलादी. काडतुसे भरली की किलोच्या आसपास जायचे. आकार बघून कोणालाही वाटे, हे तोफेसारखे काम करणार. तसे ते नव्हते. भारतात .३८, .४५, .४५५, ९ मिलिमीटर ही मापे निषिद्ध बोअरमध्ये येतात. कारण सरळ आहे, ती लष्कराची आणि पोलिसांची मापे; त्यांची काडतुसे चोरीला गेली तर खाजगी शस्त्रात चालू नयेत. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते .३२, ज्याच्या काडतुसाचा जन्म १८९६ चा. कानपूरच्या कारखान्याने नव्वदच्या दशकापासून बनवलेले सरकारी रिव्हॉल्व्हरही याच मापाचे, तीन इंची नळीचे, सुमारे ७०० ग्रॅमचे. विदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकात जवळपास बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती मालाला जमिनीचा भाव आला. नानांनीही त्यासाठी तीन एकर विकले होते. मोठी चौकट आणि छोटी गोळी, असा तो प्रकार होता.

अमेरिकेत मोठ्या रिव्हॉल्व्हरचा अर्थ वेगळा. तिथे स्मिथ अँड वेसनचे .४४ मॅग्नम पन्नासच्या दशकाच्या मध्यात आले, १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ने ते घरोघरी पोचवले. अस्वलांच्या जंगलात फिरणारे लोक आजही असली शस्त्रे कमरेला लावतात. २३ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर हँडगन बाळगणे हा नागरिकाचा घटनात्मक हक्क असल्याचा निकाल दिला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे, तीही कारण पटले तर. एका बाबतीत मात्र आपला नियम त्यांच्या अनेक राज्यांपेक्षा कडक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलीच न्यावी लागते आणि ती सतत धारकाच्या ताब्यात असावी लागते. उघडी मिरवली तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे इथे शस्त्र लपवणे ही हौस नाही, तो नियम आहे.

आता हा नियम आदिलाबादच्या मे महिन्यात पाळून बघावा. पारा ४५ च्या आसपास, अंगावर मलमलचा सदरा, आत बंडी आणि त्याखाली किलोभर पोलाद. नाना उजव्या कुशीला चामडी होल्स्टर बांधत. घामाने चामडे फुगे, पोलादावर तांबूस ठिपके धरत, ते रोज रात्री तेलाच्या फडक्याने पुसत. हिवाळा बरा. जिल्ह्यातल्या काही गावांत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, जाकीट घालता येते. पण कापसाच्या बाजारात माणूस खुर्चीवर थोडाच बसतो? अडतीची गादी ही मांडी घालून बसायची जागा. मांडी घातली की पाच इंची नळी मांडीत रुते आणि मूठ बरगडीला टोचे. म्हणून ते तिरके बसत. वर्षानुवर्षे तिरके बसून त्यांना कमरेचे दुखणे जडले ते आजही आहे. पंगतीत जेवायला बसणे त्यांनी सोडले. जैनथच्या मंदिरात जाताना शस्त्र गाडीत ठेवावे तर चोरीची धास्ती, आत न्यावे तर मनाला पटेना; मग ते बाहेरूनच हात जोडत. नातवंडे कमरेला मिठी मारायला धावली की नाना दोन पावले मागे सरत. मला ते बघवत नसे.

ज्या प्रसंगासाठी शस्त्र घेतात, त्याचे गणित आणखी कठोर आहे. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात सदरा वर करायचा, होल्स्टरची पट्टी सोडायची, लांब नळी पूर्ण बाहेर काढायची, नेम धरायचा आणि मागे कोण उभे आहे हेही बघायचे. नळी जितकी लांब, तितकी ती बाहेर यायला उशीर. तिशीतल्या, रोज सराव करणाऱ्या पोलिसालाही हे जड जाते. आपल्याकडे परवानाधारकाला सराव करायला जवळपास रेंज नसते आणि काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतीच मिळतात, त्यामुळे बहुतेकांची वर्षानुवर्षे तशीच पडून असतात.

नानांनी ते कोणावर रोखले नाही. पण एकदा ते दिसले. तो प्रसंग मी गादीवरून पाहिला आहे. कापसाच्या ओलाव्यावरून वाद पेटला होता. कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि बारा टक्क्यांपर्यंतच घेते, म्हणून ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यावर शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो. बेल्याकडचा एक म्हातारा शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच अडतीवर येणारा, मोठ्याने बोलत होता. भोवती दहा-वीस माणसे जमली. नाना मध्यस्थी करायला वाकले आणि सदरा वर सरकला. मूठ उघडी पडली. नानांना कळलेही नाही. म्हाताऱ्याने पाहिले, एकदम आवाज खाली आणला आणि म्हणाला, “शेठ, आता मापावर बोलू का याच्यावर?” नाना गोरेमोरे झाले. त्याने कापूस उचलला नाही, मिळेल तो भाव घेतला, पैसे मोजले आणि निघून गेला. पुढच्या सीझनला तो शेजारच्या अडतीवर उभा होता. नाना त्याच्या घरी जाऊन आले. त्याने चहा पाजला, पण परत आला नाही.

माझ्या मते लपवलेल्या शस्त्राबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ते चोराला दिसत नाही म्हणून त्याला धाक नाही. ते दिसते आपल्याच माणसांना, भलत्याच वेळी.

आणि हाताशी असले की ते भलत्याच वेळी बाहेरही येते. १८ डिसेंबर २०२० ला आदिलाबादच्या ताटीगुड्यात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण झाले. एमआयएमचे तत्कालीन जिल्हाध्यक्ष आणि माजी उपनगराध्यक्ष फारूक अहमद यांनी परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले, त्यांतल्या एकाचा काही दिवसांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयात मृत्यू झाला. जानेवारी २०२२ मध्ये आदिलाबादच्या न्यायालयाने फारूक अहमद यांना जन्मठेप सुनावली. परवाना रीतसर होता. पोलिसांची पडताळणी झालेली होती. भांडण मात्र गल्लीतल्या क्रिकेटचे होते. त्या आठवड्यात बाजारातले जे जे परवानाधारक गादीवर भेटले ते सगळे गप्प होते, कारण प्रत्येकाला स्वतःचा एखादा संतापाचा क्षण आठवत होता.

त्यानंतर नानांनी ते कमरेला बांधणे जवळपास सोडले आणि माझ्या नावावर करायचे ठरवले. सत्तरी ओलांडलेल्या किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगलेल्या धारकाला ते वारसाकडे देता येते, अशी तरतूद नव्या नियमांत आहे. “बाई, गादी तुह्या हाती, मंग हेबी तुह्याच हाती,” म्हणाले. मी अर्ज भरला, वैद्यकीय दाखला काढला, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतले. प्रशिक्षणात पहिल्याच फेरीला नानांच्या जपून ठेवलेल्या काडतुसांपैकी एक उडालेच नाही. घोडा पडला, टक्‌ आवाज झाला, बाकी काही नाही. नानांनी त्याच काडतुसांच्या भरवशावर कित्येक रात्री काढल्या होत्या, हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

परवाना झाला आणि खरी अडचण पुढे आली. बाईने हे बांधायचे कुठे? सलवारीला किलोभर वजन पेलत नाही, साडीत तर प्रश्नच नाही. राहिली खांद्यावरची पिशवी. पण हिसकावणाऱ्याचा हात पहिला जातो तो पिशवीवरच आणि शस्त्र हरवले तर पहिले उत्तर मला द्यायचे. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढले. तेव्हा किंमत होती एक लाख बावीस हजारांच्या वर. तेवढा पैसा असलेल्या बाईला बस थांब्यावर उभे राहावे लागत नाही आणि जिला उभे राहावे लागते तिला ते परवडत नाही.

जिनिंगवरून उशिरा परतताना मी ते पिशवीत नेऊन पाहिले. मनाला जोर येईल असे वाटले होते. उलट माझे लक्ष रस्त्यावरून उडाले आणि पिशवीत गेले. बंद कोणी कापतो का, चहाच्या टपरीवर ती खुर्चीला अडकवू का, गाडीत बसताना नळी कोणाकडे आहे? कायदाही माझ्या डोक्यात घोळत राही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी बचावाचा हक्क आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर तो हल्लेखोराच्या जिवापर्यंत जातो. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क उरत नाही. अंधारात, दीड सेकंदात, हे सगळे ठरवायचे.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की आमच्या भागात परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा येतात. ९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची घोषणा झाली आणि माझे रिव्हॉल्व्हर ठाण्यात गेले. डिसेंबरात परत मिळाले. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची घोषणा झाली, पुन्हा जमा. ४ जूनच्या निकालानंतर परत. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे कापसाचा ऐन सीझन, सगळ्यात जास्त उलाढालीचा. त्याच काळात शस्त्र ठाण्यात. मला त्याचा राग नाही, निवडणुकीत शस्त्रे आत असावीत हे योग्यच आहे. पण जे संरक्षण नदीपलीकडे चालत नाही आणि सीझनमध्ये घरी नसते, त्याच्यावर भिस्त ठेवून व्यवहार करणे मला धोक्याचे वाटते.

दरम्यान बाजार बदलला. महामंडळाच्या खरेदीचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात, आम्हीही बहुतेक चुकारे बँकेतूनच करतो. रोकड नेणे घटले तसे वाटेत अडवले जाण्याचे कारणही घटले. भीमपूरचे शेतकरी हल्ली दुसऱ्याच भीतीने विचारतात. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ पैनगंगा उतरून त्यांच्या कापसात येतात. “ताई, तुमच्यापाशी आहे ना ते, वाघ आला तं चालल काय?” त्यांना मी स्पष्ट सांगते, .३२ ची गोळी वाघाला फक्त चिडवेल. कापूस वेचायला एकट्याने जाऊ नका, पहाटे आणि संध्याकाळी तर मुळीच नको, वनखात्याच्या लोकांचा नंबर जवळ ठेवा.

रिव्हॉल्व्हर आता परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे, गिऱ्हाईक बघायला सांगितले आहे. धाकट्या भावाला हे मंजूर नाही. तो किनवटच्या बाजूला जमिनीचे व्यवहार करतो आणि त्याला ते स्वतःच्या नावावर हवे आहे. किनवट महाराष्ट्रात. त्यासाठी त्याला तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागेल, कारण पटवावे लागेल, नांदेडच्या पोलिसांची पडताळणी होईल. त्याने कागद जमवायला सुरुवात केली आहे. नानांनी त्याला समोर बसवून बेल्याच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. भाऊ म्हणतो, नीट झाकले असते तर दिसलेच नसते. यावर आमचे भांडण अजून मिटलेले नाही आणि विक्रेत्याला मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितले आहे.