कललेली वाघीण

आगगाडीच्या मालडब्यास आपल्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगन शब्दास मराठी जिभेनें दिलेलें हें रूप इतकें चपखल बसलें आहे कीं, त्यांतील परकेपणा आतां कोणास जाणवतही नाहीं. परंतु ज्या वाघिणीची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगणार आहों, ती वीतभरही लांब नाहीं. ती लांकूड व पुठ्ठा यांची केलेली असून, रुळांवर उभी केली म्हणजे डावीकडे कलत असे, एवढाच काय तो तिचा दोष. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, असें कोणी विचारील. पण सरळ उभें राहणें ही गोष्ट क्षुल्लक आहे, असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

अमेरिकेंत छोट्या आगगाड्यांचा छंद हा निव्वळ पोरखेळ नव्हे. केंस पिकलेले गृहस्थ घराच्या तळघरांत डोंगर, पूल, स्टेशनें व गोद्या उभारतात आणि वर्षानुवर्षें त्यांत रमतात. तेथें सर्वांत रुळलेलें माप ‘एच-ओ’ या नांवाचें, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सुमारें १/८७ इतकें. दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, आणि खरी ४० फुटी वाघीण या मापांत अवघी १४ सेंटिमीटर भरते. एकाच्या घरची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर विनातक्रार चालावी, म्हणून चाकें, रूळ, वजन यांचे नियम ठरविणारी राष्ट्रीय संस्था १९३५ सालीं मिलवॉकी शहरीं स्थापन झाली. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांच्या परिश्रमांतून उभें राहिलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस या छंदाची गोडी निराळी सांगावयास नको.

नोकरीच्या निमित्तानें आम्ही याच मिलवॉकींत येऊन राहिलों, आणि शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांमुळें या नादास लागलों. त्यांचा सारा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर गेला होता. ते निवर्तल्यावर त्यांच्या पत्नीनें एक पुठ्ठ्याचें खोकें आमच्या स्वाधीन केलें. त्यांत त्यांनीं स्वतः जोडलेल्या अकरा वाघिणी होत्या. “सगळ्या एकदां एका गाडीला लावून चालवा. मला त्या चालतांना पाहायच्या आहेत,” एवढेंच त्या बाई म्हणाल्या. दहा वाघिणी नीट निघाल्या. अकरावी तेवढी कलली; आणि तीच त्यांनीं शेवटीं, हात कापूं लागल्यानंतर, केलेली होती.

आतां कलणें म्हणजे किती, हेंही सांगितलें पाहिजे. एका बाजूचें चाक अर्धा मिलिमीटर उचललें गेलें, तर १६.५ मिलिमीटरांच्या पायावर उभ्या असलेल्या वाघिणीचें छत दीड मिलिमीटर बाजूस सरतें. खऱ्या गाडीच्या हिशेबानें हे सुमारें पांच इंच झाले. असा डबा खऱ्या मार्गावर दिसता, तर गार्डानें गाडीच थांबविली असती. छोट्या मार्गावरही त्याचें फळ चुकत नाहीं; वळणावर अशी वाघीण रूळ सोडते आणि आपल्यामागून येणाऱ्या निर्दोष वाघिणींनाही खालीं ओढते.

असा दोष दिसला म्हणजे नवशिक्या मनुष्य उंच बाजूस शिशाचा तुकडा चिकटवून मोकळा होतो. यानें रोग झांकतो, बरा होत नाहीं. प्रथम दोष कोणाचा हें ठरविलें पाहिजे. वाघीण त्याच जागीं उलट तोंडानें उभी करावी. ती पूर्वीं खिडकीकडे झुकत होती आणि आतांही खिडकीकडेच झुकली, तर अपराधी रूळ; ती आतां भिंतीकडे झुकली, तर अपराधी वाघीण. आमची भिंतीकडे झुकली. तरी खात्री असावी म्हणून आम्हीं ती जाड कांचेवर ठेवून पाहिली; तेथेंही तिनें आपली संवय सोडली नाहीं. मग आंतील वजन पाहिलें. १ औंस, व लांबीच्या दर इंचास आणखी अर्धा औंस, असा त्या संस्थेचा संकेत आहे. वजन पुरेसें होतें आणि मधोमध पक्कें बसलें होतें. चाकें सारख्या व्यासाचीं होतीं, आणि आंसांचीं टोकें आपापल्या खांचांत नीट फिरत होतीं.

राहिल्या त्या बोगी. बोगी हा शब्द खरा डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचा. आपण मात्र सबंध डब्यालाच बोगी म्हणतों. वाघिणीच्या दोन्ही टोकांस चार-चार चाकांची एकेक बोगी एका स्क्रूनें अडकविलेली असते. दोन्ही स्क्रू ढिले ठेवले, तर वाघीण झुलत राहते. दोन्ही आंवळले, तर रूळ किंचित् उंचसखल होतांच एखादें चाक अधांतरीं राहतें. जाणते लोक म्हणून एक स्क्रू असा आंवळतात कीं, बोगी डावी-उजवीकडे वळावी, पण तिनें डोलूं नये. दुसरा ते ढिला ठेवतात, म्हणजे ती बोगी वळेलही व डोलेलही. यांतील मर्म आपल्या घरांतील तिवईस ठाऊक आहे. चौरंग खडबडीत जमिनीवर डुगडुगतो व त्याच्या पायाखालीं कागदाची घडी सारावी लागते. तिवई कोठेंही ठेवा, ती स्थिर. आंवळलेल्या बोगीचे दोन आधार आणि ढिल्या बोगीचा एक, असे तीन आधार वाघिणीस पुरतात.

आमच्या वाघिणीची पुढची बोगी आंवळलेली होती. ती काढून पाहतां जिच्यावर ती टेकते त्या आडपट्टीच्या उजव्या अंगास वाळलेल्या सरसाचा एक थेंब दिसला, मोहरीएवढा. तेवढ्यानें उजवी बाजू उचलली गेली होती. हात कापला असेल, थेंब ओघळला असेल, आणि क्षीण झालेल्या दृष्टीस तो दिसला नसेल. कानशीचे दोन हात फिरविले असते तर काम झालें असतें. कोणत्याही पुस्तकांत हाच उपाय सांगितलेला सांपडेल. आम्हीं कानस हातीं घेतलीही. परंतु त्या गृहस्थांच्या शेवटल्या दिवसांची तेवढीच एक खूण त्या लांकडावर उरली होती, आणि ती आमच्या कानशीनें जावी हें मनास येईना. उलट ती तशीच ठेवावी, तर बाईंना दिलेला शब्द राहत नव्हता.

विचार करतां ध्यानांत आलें कीं, मागच्या टोकाची आडपट्टी अगदीं सपाट आहे. तेव्हां दोन्ही टोकांच्या कामांची आम्हीं अदलाबदल केली. मागचा स्क्रू आंवळून वाघीण सरळ ठेवण्याचा भार त्या टोकावर टाकला, आणि थेंबाच्या बाजूचा स्क्रू सैल करून त्या बोगीस डोलण्याची मोकळीक दिली. तिरपेपणा त्या मोकळ्या बोगीनें आपल्या अंगीं जिरवला. वाघीण कांचेवर ठेवली. ती सरळ उभी राहिली. कपलिंगची उंचीही मापास उतरली. खरवडावें असें कांहींच उरलें नाहीं.

अकरा वाघिणींची ती गाडी आमच्या मंडळाच्या मोठ्या मार्गावर तीन फेरे फिरली. बाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. गाडी थांबल्यावर त्यांनीं विचारलें, “यांतली शेवटची कोणती?” आम्हीं ती उचलून त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं ती उलटी केली. मोकळ्या बोगीआडून थेंबाची कड दिसत होती. तिच्यावरून त्यांनीं नखाचें टोंक फिरविलें आणि वाघीण पुन्हां रुळांवर ठेवण्यासाठीं आमच्याकडे दिली. मग चौथा फेरा सुरू झाला.