साडेतीन टक्के

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, नाशिकच्या आतेबहिणीने तर "ब्लॉग बंद केलास का गं?" म्हणून फोनच केला. कारण सांगितलं तर हसाल. बास्केटबॉल! मी नाही हो, चिरंजीव. पण घरात एक जण खेळत असला की बाकीच्यांचं वेळापत्रक त्याच्या मागे फरफटत जातं..

आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. ओहायोतलं मोठं कोलंबस ते हे नव्हे. हे पन्नास हजार वस्तीचं गाव. कमिन्सचं मुख्य ऑफिस इथे आणि कमिन्सचं मोठं बस्तान पुण्यात, त्यामुळे इथल्या दुकानात दुधाच्या कपाटापाशी "अहो, दोन टक्केवालं घ्या" असं सहज कानावर पडतं. नवराही त्याच वाटेने इथे आला.

इंडियानात बास्केटबॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. १८९१ साली हा खेळ काढला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी, तिकडे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, पीचच्या टोपल्या टांगून. पण तो वाढला, लाडावला तो आमच्याकडे. सर्वांत मोठं हायस्कूल जिम म्हणून मिरवणारं जिम इथून सव्वा-दीड तासावर न्यू कॅसलला आहे. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या शाळेने, जिथे जेमतेम १६१ मुलं होती, मन्सीच्या मोठ्या शाळेला शेवटच्या क्षणी ३२-३० असं हरवून राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. सत्तर वर्षं उलटून गेली, पण अजून लोक ती मॅच काल झाल्यासारखी सांगतात. (लहान-मोठ्या सगळ्या शाळांची एकच स्पर्धा १९९७ नंतर बंद झाली, आणि त्याबद्दलही लोक अजून हळहळतात.)

अशा ठिकाणी आम्ही चिरंजीवांना चौथीत बास्केटबॉलला घातलं ते का? तर उंची वाढावी म्हणून! सासूबाईंचा पुण्याहून सल्ला. उंची ५ फूट १० इंचावर थांबली ती थांबलीच. वेड मात्र वाढत गेलं.

त्याचा एक जिवलग मित्र आहे. ६ फूट ५ इंच. सातवीपासून दोघं एकत्र खेळतात. त्याची आई नर्स, बहुतेक रात्रपाळी, त्यामुळे शनिवारी सकाळी तो आमच्याकडेच असायचा. मला आँटी म्हणतो, पोहे खातो, वर शेव मागून घेतो. अकरावीत असताना एका डी-वन कॉलेजचा कोच त्याला बघायला दोनदा येऊन गेला, तेव्हा आमच्याच घरात लग्न ठरल्यासारखं वातावरण होतं.

आता हे डी-वन काय, ते सांगते. मलाही तेव्हाच कळलं. कॉलेजांच्या खेळाची मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिचे तीन विभाग. डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसतात ते, साडेतीनशेच्या वर कॉलेजं, पूर्ण स्कॉलरशिप, आणि २०२५ सालच्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. डिव्हिजन टू मध्ये स्कॉलरशिप असते, पण बहुधा तुकड्या-तुकड्यांनी वाटलेली. डिव्हिजन थ्री मध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. याशिवाय एनएआयए ही वेगळी संस्था, तिच्यात बरीचशी छोटी कॉलेजं, आणि ज्युनियर कॉलेजं वेगळी, दोन वर्षांची. (आपलं अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज नव्हे.. सासूबाईंना हे समजावताना माझा अर्धा तास गेला. "म्हणजे नापास झाला का तो?")

एनसीएएचा स्वतःचाच अंदाज आहे की हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण साडेतीन तिच्या कुठल्या ना कुठल्या विभागात खेळतात. डी-वन मध्ये शंभरातला एक. नवऱ्याने हा आकडा कुठूनसा काढला आणि एका कागदावर मोठ्ठा लिहून फ्रीजवर लावला. चिरंजीवांनी खाली पेनाने लिहिलं, "म्हणजे शून्य नाही".

बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मेल यायला लागले. "तुमच्या खेळाने आम्ही प्रभावित झालो आहोत, आमच्या खास शिबिराला या." मी हरखून गेले. पेढे करायचेच बाकी होते. मग शाळेतल्या कोचने समजावलं की असे मेल शेकडो मुलांना जातात, आणि शिबिराची फी भरायची असते. कोच स्वतः फोन करतो, तुमच्या शाळेत येऊन बसतो, ते खरं. बाकी जाहिरात. आम्ही तोवर दोन शिबिरांचे पैसे भरून मोकळे झालो होतो. असो.

त्याच कोचने आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी डी-वनचे कोच हायस्कूलच्या मुलांमधून निवडायचे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ पासून कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसायची अट सुटली. आता कोचला अठरा वर्षांचा होतकरू पोरगा कशाला हवा? बावीस वर्षांचा, तीन सीझन खेळलेला तयार गडी आयता मिळतो. म्हणजे जो कालपर्यंत डी-वनला गेला असता तो डी-टूला, डी-टूवाला आणखी खाली. जिना तोच, पण प्रत्येक जण एकेक पायरी खाली ढकलला गेला.

मित्राचं नेमकं तेच झालं. त्याला बघायला येणारा कोच दुसरीकडे गेला. नव्या कोचने पोर्टलमधून माणसं घेतली. फोन बंद. नकार असा नाहीच, नुसती शांतता. डिसेंबरभर तो पोरगा शनिवारी आला नाही. आला तेव्हा शेव मागितली नाही, तेव्हाच मला कळलं.

आणि आमच्या चिरंजीवांना? एका छोट्या डी-थ्री कॉलेजचा कोच मात्र खरोखर आला. एका गळफटलेल्या मॅचला, जिथे ह्याने स्वतः फार पॉइंट केले नाहीत, पण पास चांगले दिले. नंतर आम्हाला भेटून म्हणाला, खेळासाठी मी काही देऊ शकत नाही, पण याचे मार्क चांगले आहेत, त्यावर कॉलेज मदत देईल. नवरा घरी येताना गाडीत म्हणाला, "म्हणजे अभ्यास केला म्हणून पैसे, ते कशासाठी, तर खेळायला मिळावं म्हणून! उलटी गंगा."

मग एक्सेल उघडलं गेलं. एका रकान्यात परड्यू. इंजिनियरिंगला नावाजलेली, राज्यातल्या मुलांना वर्षाची फी दहा हजार डॉलरच्या आत, २०१३ पासून वाढलेली नाही. बास्केटबॉलची टीम २०२४ साली थेट राष्ट्रीय फायनलला पोचलेली, म्हणजे ह्याने त्या टीमचं तिकीट काढून मॅच बघायची. दुसऱ्या रकान्यात छोटं कॉलेज, सगळी मदत वजा करूनही दुपटीच्या वर खर्च, आणि खेळायला मिळेलच याची खात्री नाही. नवऱ्याने दोन्ही बेरजा जाड अक्षरात केल्या आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

आता खरं सांगते. माझं मत नवऱ्याच्याच बाजूचं होतं, आणि तेच मला खुपत होतं.

मी सांगलीला असताना खो-खो खेळायचे. खांबापाशी सूर मारण्यात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. नववीत जिल्हा संघाच्या निवड चाचणीत नाव आलं. पण दहावीचं वर्ष सुरू होणार होतं, आणि आप्पा म्हणाले, "आता खेळ पुरे." रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं "पुरे". बूट माळ्यावर गेले. मला दहावीला चांगले मार्क पडले, पुढे सगळं चांगलंच झालं, तक्रार काहीच नाही. पण अजून कुठे मैदानात पोरी खो-खो खेळताना दिसल्या की माझी पावलं थांबतात.

एप्रिलमध्ये, कॉलेजला कळवायची १ मे ही तारीख तोंडावर आलेली, मी आप्पांना फोन केला. वय ८३. खरं तर मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की अभ्यासच महत्त्वाचा, म्हणजे माझी सुटका. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही नाही का माझा खो-खो बंद केलात?"

ते म्हणाले, "तू खो-खो खेळायचीस? हो का? मला वाटलं तुझी धाकटी बहीण."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. जी गोष्ट मी इतकी वर्षं उराशी धरून बसले, ती त्यांना आठवतसुद्धा नव्हती! त्यांच्या लेखी तो दिवसभरातला एक शब्द होता. मी आता जे बोलेन ते मीही विसरून जाईन. चिरंजीव विसरणार नाहीत.

चिरंजीवांच्या खोलीत मेरीलँडच्या वरुण रामचं चित्र आहे. आपल्याकडच्या आई-वडिलांचा मुलगा, उंची ५ फूट ९ इंच. ट्रिनिटी कॉलेज या डी-थ्री कॉलेजातून मेरीलँडला गेला, तिथे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरला, आणि २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हॅल्पराइझोविरुद्ध शेवटच्या सेकंदांत समोरच्याला शॉट मारू न देऊन मॅच ६५-६२ अशी राखली. व्हॅल्पराइझो आमच्याच इंडियानातलं, त्यामुळे ही गोष्ट इथे जपून सांगावी लागते. आणि डंकन रॉबिन्सन तर विल्यम्स या डी-थ्री कॉलेजातून मिशिगनला आणि तिथून थेट एनबीएत गेला. मला वाटलं, हा त्याच आशेवर असणार. मी विचारलंच, "तुलाही तिथून वर जायचंय का?"

म्हणाला, "नाही गं आई. ते दोघं खाली होते म्हणून वर गेले, असं तुला वाटतं. मला फक्त अजून चार वर्षं खेळायचंय. मग आयुष्यभर ऑफिसच आहे."

यावर काय बोलणार?

शेवटी शाळेच्या कोचनेच एक प्रश्न दिला. पहिल्याच दिवशी गुडघा गेला आणि वर्षभर मैदानात उतरता आलं नाही, तरीही तू त्या कॉलेजात राहशील का? चिरंजीवांनी दोन दिवस घेतले. पुन्हा तिथे जाऊन आले, बास्केटबॉलच्या टीमला न भेटता नुसते वर्गात बसून आले. "राहीन" म्हणाले. नवऱ्याने एक्सेल पुन्हा उघडलं, एक ओळ वाढवली: उन्हाळ्याची नोकरी, चिरंजीव. आणि सही केली.

मित्राला शेजारच्या इलिनॉयमधल्या एका ज्युनियर कॉलेजने स्कॉलरशिप दिली. सुरुवातीला तो हे सांगायलाही लाजत होता. मीच त्याला म्हटलं, जिमी बटलर टेक्सासमधल्या टायलर ज्युनियर कॉलेजातूनच निघाला ना? तो हसला. "आँटी, तुम्हाला कुणी सांगितलं?" हे सगळं आता मला पाठ आहे रे बाबा.

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही चिरंजीवांची मॅच बघायला गेलो. जिममध्ये मोजून दीड-दोनशे माणसं, त्यातले निम्मे आमच्यासारखेच आई-बाप. गावच्या हायस्कूलची मॅच याहून भरलेली असते. चिरंजीव पस्तीस मिनिटं बाकावर बसून टाळ्या वाजवत होते. मॅच जिंकल्यात जमा झाली तेव्हा शेवटची चार मिनिटं आत गेले. पॉइंट शून्य. एक पास मात्र असा दिला की पलीकडच्या टीमचा एक बाबाही "अरे!" म्हणाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. या चार मिनिटांचा भाव एक्सेलने काढला तर मिनिटाला किती डॉलर पडतील, हे दोघांच्याही मनात आलं असणार. तो एवढंच म्हणाला, "पास चांगला होता."

नंतर गाडीत बसून चिरंजीवांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि फोनवर मित्राची मॅच लावली. तो त्या दिवशी पूर्ण वेळ खेळत होता. दोघांपैकी कोण वर आणि कोण खाली, हे मला आता सांगता येत नाही. पुढच्या वर्षी यालाच जास्त मिनिटं मिळतील की हा स्वतःच सोडून देईल, तेही माहीत नाही. सोडलं तर तो सोडेल. माझ्या "पुरे"मुळे नाही, एवढंच.

फ्रीजवरचा कागद अजून तिथेच आहे. परवा साफसफाई करताना काढायला गेले, तर नवरा म्हणाला, "राहू दे."

असो. शनिवारी पुन्हा मॅच आहे, तीन तासांचा रस्ता आणि बर्फाचा अंदाज. ज्यांना पोह्यांसाठी विचारायचं तो पोरगाही सुट्टीत येतोय, शेव संपली आहे. इंडियानापोलिसहून कुणी येणार असेल तर दोन पाकिटं घेऊन या!