टक्केवारीच्या शेजारचा रकाना

सैनिकाच्या डिसॅबिलिटी पेन्शनचा निकाल प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात किंवा कोर्टात लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो बराचसा आधीच, नोकरी संपताना होणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डासमोर लागलेला असतो. मीरा-भाईंदरमध्ये स्थायिक झालेला माजी सैनिक पुढे ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो, अपील करतो, शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचं दार ठोठावतो; पण सगळीकडे वाचला जातो तो बोर्डाचाच कागद. त्या कागदाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: अपंगत्व किती टक्के, आणि ते लष्करी सेवेमुळे जडलं किंवा बळावलं का. पहिल्या प्रश्नासाठी बोर्ड मेहनत घेतं. कानाचा ऑडिओग्राम होतो, गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजलं जातं. दुसरा प्रश्न मात्र पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. रक्तदाबाच्या प्रकरणांत तर ही ओळ ठरलेलीच: आजार शांत ठाण्यावर सुरू झाला, अतिउंच किंवा चकमकीच्या भागातल्या सेवेशी त्याचा काळाने निकटचा संबंध नाही, सबब सेवेशी संबंध नाही. त्या जवानाने आधीची वर्षं कुठे काढली, याची यादी त्याच प्रकरणात जोडलेली असते. तिचा विचार झाला की नाही, हे त्या ओळीवरून कळत नाही. आणि टक्केवारी 20 किंवा त्याहून अधिक असली तरी दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ पडलं, की अपंगत्वापोटीची रक्कम हातची जाते.

याच दुसऱ्या रकान्यावर लढलं गेलेलं एक प्रकरण घ्या. सिग्नल्स कोअरचे धरमवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले आणि झटके येतात म्हणून 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्वासह सेवेतून कमी झाले. आजार मूळ प्रकृतीतला, असं बोर्डाने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये ते अमान्य केलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असं धरायचं, संबंध सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा: हे सगळं अशा पेन्शनच्या 1982 च्या नियमांतच होतं.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो की भरतीची तपासणी वरवरची असते. अपस्मार किंवा स्किझोफ्रेनिया तेव्हा दिसणारच कसा? वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे खरं आहे आणि कोर्टाच्या गृहीतकापेक्षा मला ते अधिक पटतं. पण नियमांनी त्याचीही सोय केली होती. तपासणीत आजार कळणं शक्य नव्हतं असं बोर्डाला वाटत असेल, तर त्याने कारणं नमूद करून तसं लिहावं. म्हणजे आक्षेप फिरून कारणांपाशीच येतो. अमेरिकेतही माजी सैनिकाला तपासणाऱ्या डॉक्टरने मतामागची मीमांसा दिली नाही, तर ते मत अपुरं ठरतं.

दुसरा आक्षेप गैरवापराचा, आणि तो हलका नाही. 20 टक्के अपंगत्व पेन्शनपुरतं 50 धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालाने ही सवलत नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्यांनाही मिळाली. रक्तदाब, मधुमेहासारख्या जीवनशैलीच्या आजारांवर पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे कॅगनेही बोट दाखवलं आहे. सप्टेंबर 2023 चे नवे नियम याच चिंतेतून आले. मात्र खोटा दावा रोखायलाही लेखी कारणच लागतं. वजन, तंबाखू, घराण्यातला आजार, पोस्टिंगचा क्रम हे सगळं तोलून लिहिलेला नकार अपिलात टिकतो. ठरीव ओळीचा नकार पडतो, आणि त्याच्याबरोबर एखादा लबाड दावाही मंजूर होऊन जातो. बोर्डाच्या डॉक्टरांवर कामाचा ताण असतो हे मान्य, पण चार वाक्यं लिहायला लागणारा वेळ पुढच्या खटल्याच्या वर्षांपुढे काहीच नाही.

निवृत्तीला आलेल्या सैनिकांना माझी विनंती: बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्या, जखमेचा अहवाल आणि आजारपणाच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा, आणि टक्केवारीच्या आधी तिच्या शेजारचा रकाना वाचा.