पोच

माणूस पोचला म्हणजे पोचला, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. बँकेत चोवीस वर्षं कारकुनी करूनही ती टिकली, यावरून माझ्या कारकुनीचा दर्जा लक्षात यावा. कारण बँकेत पैसे पोचणं वेगळं आणि पैशांची पोच मिळणं वेगळं. पैसे आले, पण कुणाचे ते कळेना, की ते सस्पेन्स खात्यात जाऊन पडतात. असतात, आणि नसतातही. २०२३ सालच्या जून महिन्यात काही वेळ मी स्वतःच अशा सस्पेन्स खात्यात पडून होतो. तेही अमेरिकेत!

त्याचं असं झालं. माझा मेहुणा ओहायो राज्यातल्या डेटन गावी असतो. हे राइट बंधूंचं गाव. तिथल्या पाण्याचाच गुण असावा, कारण मेहुण्यानं हौसेखातर विमान चालवायचं लायसन काढलं. आपल्याकडे तरुण मंडळी लग्नाच्या वरातीपुरता घोडा आणतात, तसा हा तासाच्या भाड्यानं विमान आणतो. आमची जाण्यायेण्याची तिकिटं त्यानंच काढली होती. त्यामुळे या छंदाबद्दलची माझी मतं मी माझ्यापाशीच ठेवली.

एका शनिवारी तो म्हणाला, "भाऊजी, उद्या तुम्हाला आणि ताईला पुट-इन-बेला नेतो. ईरी सरोवरातलं बेट आहे. सव्वा तासाचा रस्ता."

त्याला तो रस्ता म्हणाला, हे मी लक्षात ठेवलं.

विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसांचं. आपल्या रिक्षाला पंख फुटावेत, तसं. निघण्यापूर्वी मेहुण्यानं प्रत्येकाचं वजन विचारलं, कारण एवढ्याशा विमानाला वजनाचा हिशेब लागतो. हिनं आपलं लग्नातलं वजन सांगितलं. भावानं मान डोलावली आणि कागदावर गुपचूप पंधरा किलो वाढवून लिहिले. बुडीत कर्जासाठी आम्ही जी तरतूद करतो ती याहून निराळी नसते.

मग त्यानं फ्लाइट प्लॅन भरला. विमानाचा नंबर काय, रंग कोणता, माणसं किती, पेट्रोल किती तासांचं, कुठून कुठे, कुठल्या वाटेनं आणि किती वाजता पोचणार, अशी सगळी जंत्री. मला हा माणूस एकदम जवळचा वाटायला लागला. आकाशातसुद्धा फॉर्म भरावा लागतो, हे कळल्यावर कुठल्या कारकुनाला धीर येणार नाही?

"सक्तीचा आहे का रे?" मी विचारलं.

"नाही. स्वच्छ हवेत, खिडकीतून बाघून उडणाऱ्यांना सक्ती नाही. पण पाण्यावरून जायचंय. उद्या काही झालं तर शोधायचं कुठे, ते कुणाला तरी ठाऊक हवं ना?"

'उद्या' आता आजच होता, तेव्हा हे वाक्य त्यानं नीट बेतायला हवं होतं. पण पुढचं मी लक्ष देऊन ऐकलं. विमान उडालं की हा प्लॅन उघडायचा आणि उतरल्यावर फोन करून बंद करायचा. तो वैमानिकानं स्वतः बंद करायचा. मोठी विमानं वेगळ्या नियमांनी उडतात, आणि टॉवर असलेल्या विमानतळावर उतरली की त्यांचा प्लॅन आपोआप मिटतो. असल्या हौशी उड्डाणाचा मात्र टॉवर असला तरी तो आपणहून मिटवत नाही. या बेटावर तर टॉवरच नव्हता. आणि पोचायच्या वेळेनंतर अर्धा तास उलटला, तरी 'उतरलो' असा निरोप नाही, की ते लोक शोध सुरू करतात. आधी वैमानिकाला फोन, मग घरी, मग वाटेतल्या विमानतळांना, आणि तरीही पत्ता नाही लागला, तर खरोखरीची विमानं शोधायला निघतात. बऱ्याचदा ती चालवणारेही पदरचा वेळ देणारे स्वयंसेवक असतात.

मी थक्क झालो. आमच्याकडे दहा वर्षं खात्याला हात लागला नाही, तर आम्ही त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवून देतो. खातेदाराला हुडकायला विमान पाठवल्याचं ऐकिवात नाही.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही, कारण बराचसा प्रवास मी डोळे मिटून केला. सव्वाअकराला चाकं जमिनीला टेकली. आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. उतरल्याच्या आनंदात मेहुण्यानं दोर बांधून विमान ठाणबंद केलं, आम्ही भाड्याची गोल्फगाडी घेतली आणि निघालो. मेहुण्याचा फोन विमानात, त्याच्या पिशवीत. तोही म्यूट करून.

त्या बेटावर ३५२ फुटांचा एक दगडी खांब आहे. १८१३ साली कमोडोर पेरीनं या सरोवरात इंग्रजांच्या आरमाराचा पराभव केला, त्याचं हे स्मारक. मेहुणा रंगात येऊन सांगत होता, की लढाई संपल्याबरोबर पेरीनं पहिलं काम काय केलं असेल, तर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चार शब्द खरडून जनरल हॅरिसनला विजयाची खबर पाठवली.

"याला म्हणतात शिस्त," मेहुणा म्हणाला. "जिंकलात ना? मग आधी कळवा!"

त्याच क्षणी हिच्या पर्समधला फोन वाजला. तिकडच्या मुक्कामापुरता मेहुण्यानंच तो तिला घेऊन दिला होता. पलीकडे मेहुण्याची बायको होती.

"ताई, तुम्ही कुठे आहात?"

"आम्ही ना? खांबाखाली!" ही आनंदानं म्हणाली.

पलीकडून काहीच आवाज येईना. मग जो आला, तो हिनं ऐकला आणि फोन कानापासून काढून, एक शब्द न बोलता, भावाच्या हातात दिला. घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती. मेहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र पूर्ण बारा.

त्यानं तिथल्या तिथे त्या लोकांना फोन लावला. एरवी अमेरिकन माणसाशी बोलताना त्याचे उच्चार अमेरिकन होतात. त्या दिवशी ते पार सदाशिव पेठेत आले. पलीकडच्या माणसानं एवढंच सांगितलं, की आता तो बेटावरच्या विमानतळाला फोन करणार होता, आणि कळवल्याबद्दल आभार. ना दंड, ना उपदेश. आमच्या शाखेत पासबुक विसरलेल्या माणसालाही याहून जास्त ऐकावं लागतं.

मग माझ्या मनात आलं, ही गोष्ट आपल्याला नवी थोडीच आहे? १६६० साली पन्हाळ्याहून निघालेले महाराज विशाळगडावर पोचले आणि तोफांचे आवाज झाले. घोडखिंडीत बाजीप्रभू त्या आवाजासाठी प्राण धरून होते, हे आपण चौथीत असल्यापासून ऐकतो. गडावर पोचल्यावर आधी तोफ, मग बाकीचं सगळं. तोफ डागायला कुणी विसरलं असतं, तर? पण विसरलं नाही. विसरायला आपण बसलोय.

परतताना मेहुण्यानं प्लॅन उघडला आणि मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या हाताला बांधलं. ही वैमानिकांची युक्ती. घड्याळ चुकीच्या हातात टोचत राहतं आणि प्लॅन बंद केल्याशिवाय परत डावीकडे न्यायचं नाही. डेटनला उतरल्यावर इंजिन थांबवून तो आधी फोनवर बोलला, मग घड्याळ बदललं आणि मगच आमच्यासाठी दार उघडलं.

घरी त्याच्या बायकोनं दार उघडलं. मला वाटलं, आता तोफखाना सुरू होणार. पण ती फक्त म्हणाली, "पानं घेऊ ना?" आणि आत गेली. तिचे डोळे लाल होते. असा चेहरा मी पूर्वी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

१९९८ सालची गोष्ट. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला एसटीनं पुण्याहून सांगलीला गेलो. निघताना अण्णांनी बजावलं होतं, "पोचलास की बूथवरून शेजारी फोन कर." मी पोचलो. मित्र भेटले, पत्ते रंगले, आणि फोन राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांडवाच्या दारात अण्णा उभे! लग्नाची पत्रिका घरात होती, तिच्यावरचा पत्ता बघून आले होते. रात्री अकरापर्यंत शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसले होते, मग स्वारगेटला जाऊन चौकशीच्या खिडकीत 'खंबाटकीच्या घाटात काही झालंय का' असं विचारत राहिले आणि शेवटी मिळेल त्या गाडीनं निघाले, हे मला पुढे आईकडून कळलं. मला बघून ते काही बोलले नाहीत. काखेतली छत्री पुढे केली.

"ही विसरला होतास. म्हटलं, देऊन यावी."

मार्च महिना होता. आभाळात औषधाला ढग नव्हता.

चहाही न घेता ते परतीच्या गाडीला गेले. मी मित्रांना हसत सांगितलं, "आमचे अण्णा म्हणजे नमुना आहेत." अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. माझी पोच घ्यायला ओट्यावर बसणारं कुणी उरलं नाही, आणि माझा प्रत्येक प्लॅन मात्र हल्ली वेळेवर बंद होतो.

गेल्या जानेवारीत मुलगा नागपूरला शिकायला गेला. सकाळी गाडी पोचल्याचं मोबाईलवर दिसलं. पण गाडी पोचणं म्हणजे मुलगा पोचणं नव्हे, एवढं आता मला कळतं. अर्धा तास झाला. तास झाला. दोन तास झाले. फोन लागेना. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर हात घालून चाचपायला लागलो.

"अहो, काय शोधताय?" हिनं विचारलं.

"छत्री," म्हटलं.

ही एरवी अशा वेळी काहीतरी बोलते. त्या दिवशी काही न बोलता स्टूल धरून उभी राहिली.