सात दिवस आणि एक सीमा

"आई, यादी छान आहे. पण ही सहल आहे की इतिहासाचा पोर्शन संपवायचाय?"

लेकीने फोनवर असं विचारलं आणि मी गप्प बसले. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. रोमन साम्राज्य, त्याचे रस्ते, त्याच्या भिंती फळ्यावर खडूने काढल्या. आता ती भिंत प्रत्यक्ष बघायला मिळणार म्हटल्यावर हात आवरला नाही. सात दिवसांत सतरा ठिकाणं बसवली होती. सकाळी किल्ला, दुपारी भग्नावशेष, संध्याकाळी समुद्र. ह्यांनी यादी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "यात जेवण कुठे आहे?"

लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलला राहतात. मेअखेरीस तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेवढीच रजा दोघांना मिळते. नऊ वर्षं ती बोलावते आहे. कधी माझी शाळा, कधी सासूबाईंचं आजारपण, मग ह्यांची बायपास. कारणं खरीच होती. पण खोटं कशाला बोलू, त्या सगळ्यांच्या मागे आणखी एक कारण होतं. जावई धारवाडचे, घरात कन्नड. आपल्या बेळगावात राहून मला त्याचं काही वाटायला नको होतं, पण वाटलं. लग्नाला मी 'नाही' म्हटलं नाही, पण तोंड भरून 'हो'ही म्हटलं नाही. लेकीच्या ते लक्षात आहे. जावयांच्याही असणार. ते मला 'अत्ते' म्हणतात. सुरुवातीला तो शब्द कानाला टोचायचा.

तर यादी पुन्हा करायला बसले.

न्यूकॅसलच्या वरच्या अंगाला स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत पसरलेला नॉर्थंबरलंड हा परगणा. नकाशा समोर ठेवून बघता बघता लक्षात आलं, की हा सगळा मुलूखच सीमाभाग आहे. रोमनांची सीमा इथेच होती. त्यानंतर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची हाणामारी शेकडो वर्षं इथेच चालली. म्हणून तर इतके किल्ले. शहराचं नावसुद्धा 'नवा किल्ला'. तो नवा किल्ला १०८० सालचा, आणि बांधलाय जुन्या रोमन ठाण्याच्या जागेवर. आज त्या किल्ल्याच्या दोन भागांमधून चक्क रेल्वेचा पूल जातो.

आधी भिंतीचं बोलते. सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत पूर्वेकडच्या टाइन नदीपासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जाते. लांबी ७३ मैल, म्हणजे ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणीचे बुरूज, आणि ठरावीक अंतरावर मोठी लष्करी ठाणी. १९८७ पासून ती जागतिक वारशात आहे. पण ती सलग उभी असेल असं समजू नका. पुढच्या लोकांनी तिचे दगड बिनदिक्कत नेले. हेक्सम गावच्या सातव्या शतकातल्या चर्चचं तळघर रोमनांच्या दगडांचं आहे. अठराव्या शतकात लष्कराने रस्ता केला, तोही कित्येक मैल भिंतीच्या पायावरूनच. आपल्याकडे गडाचे चिरे गावातल्या घरांत सापडतात, त्यातलाच प्रकार.

भिंतीसाठी मी पाच ठाणी काढली होती. लेकीने दोन ठेवली. एक हाउसस्टेड्स, उंच कड्यावरचं. तिथे सैनिकांचे सामुदायिक संडास, पाण्याच्या पन्हळीसकट, अजून ओळखू येतात. नातवाला एवढी एकच गोष्ट सांगितली तर तो दिवसभर खूश. मात्र गाडी लावली की अर्धा मैल चढ आहे. ह्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळूहळू चढा, पण आत्तापासून चालायची सवय करा. तेव्हापासून हे रोज सकाळी किल्ल्याजवळच्या तलावाभोवती चालतात आणि घरी येऊन किती फेऱ्या झाल्या ते मला न विचारता सांगतात.

दुसरं ठाणं विंडोलांडा. हे भिंतीच्याही आधीचं. १९७३ साली तिथल्या ओल्या मातीत लाकडाचे पातळ तुकडे सापडले. त्यांवर शाईने लिहिलेली पत्रं होती. एकात कुणाला तरी मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. दुसरं पत्र इ. स. १०० च्या आसपासचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने सुल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाला बोलावलं आहे. मजकूर लेखनिकाने लिहिलेला, पण शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने. बाईच्या हातचं लॅटिन लिखाण म्हणून जगातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते गणलं जातं. मूळ पत्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे असतं, काही पत्रं विंडोलांडाच्या संग्रहालयात बघायला मिळतात. मी वर्गात सम्राटांची नावं घोकून घेतली. हळदीकुंकवाचं बोलावणं धाडावं तसं हे पत्र, ते मात्र कधी सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं.

भिंतीजवळच्या एका खिंडीत एकटं उभं असलेलं झाड तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्री कुणीतरी ते कापून टाकलं. दोघांवर २०२५ मध्ये गुन्हा शाबीत झाला. बुंध्याला नवे कोंब फुटले आहेत. तिथे थांबायचं की नाही, हे त्या दिवशी ह्यांचे पाय ठरवतील.

आता किल्ले आणि समुद्र. यासाठी तीन रात्री किनाऱ्यालगतच्या गावात राहायचं ठरलं. रोज न्यूकॅसलहून ये-जा केली तर अर्धा दिवस गाडीत जातो.

अ‍ॅनिक हा किल्ला नातवाचा. १३०९ पासून पर्सी घराण्याकडे असलेला, आजही नांदता. हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांचं काही चित्रीकरण तिथे झालं. नातवाने मला बजावलंय, "आज्जी, तिथे इतिहास सांगायचा नाही."

बॅम्बरो हा लेकीच्या आवडीचा. काळ्या कातळावर किल्ला, खाली लांबच लांब वाळू. त्याच गावात ग्रेस डार्लिंगचं छोटं संग्रहालय आहे. दीपगृह सांभाळणाऱ्याची ही मुलगी १८३८ साली वादळात बापाबरोबर होडी वल्हवत गेली आणि फुटलेल्या जहाजावरच्या लोकांना त्यांनी वाचवलं. वय बावीस.

डन्स्टनबरो माझा. १३१३ मध्ये लँकेस्टरच्या थॉमस नावाच्या सरदाराने राजाशी वाकडं घेऊन तो बांधायला काढला. १३२२ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. आता नुसते भग्न बुरूज आणि लाटा. तिथवर गाडी जात नाही. क्रॅस्टर गावातून किनाऱ्याने दोन किलोमीटर चालत जायचं, तेवढंच परत. चार किलोमीटर! मी हे नाव स्वतःहून खोडलं होतं. ह्यांनी पेन घेऊन पुन्हा लिहिलं. म्हणाले, "तलावाच्या फेऱ्या मी कशासाठी घालतोय?" क्रॅस्टरला हेरिंग मासे ओकच्या धुरावर धुरावतात, हे कळल्यापासून त्यांचा उत्साह आणखी वाढला आहे. आजोळ गोव्याचं, दुसरं काय!

एक गोष्ट मला फार आवडली. हाउसस्टेड्सची भिंत, डन्स्टनबरो, बॅम्बरो, लिंडिसफार्नचा किल्ला, समोरची फार्न बेटं, हे सगळं एकाच काळ्या दगडाच्या पट्ट्यावर उभं आहे. सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात शिरून थिजलेला लाव्हा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ याच जातकुळीतला, फक्त वयाने बराच लहान, साडेसहा कोटींचा. किल्ला बांधणाऱ्यांना दोन्हीकडे एकच अक्कल सुचली.

सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं ते लिंडिसफार्नने. हे बेट, पण ओहोटीला त्याच्याकडे जाणारा रस्ता उघडा पडतो. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी त्यावरून काही तास जातं. सुरक्षित वेळा रोज बदलतात आणि त्यांचं छापील वेळापत्रक असतं. तरी दर वर्षी कुणी ना कुणी 'एवढ्याने काय होतंय' म्हणत गाडी घालतो आणि अडकतो. अशांसाठी वाटेत खांबांवर एक निवाऱ्याची खोलीही बांधून ठेवली आहे. इ. स. ६३५ मध्ये एडन नावाच्या साधूने इथे मठ स्थापला. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. इथल्या साधूंनी रंगवलेल्या लॅटिन बायबलच्या पोथीत दहाव्या शतकात कुणी ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत जुन्या इंग्रजीतला अर्थ लिहून ठेवला. आणि बेटावरचा छोटा किल्ला १९०३ पासून राहण्याजोगा करून दिला तो ल्युटेन्सने, ज्याने पुढे नवी दिल्ली आखली.

माझ्या यादीत लिंडिसफार्न दुपारी दोनला होतं. जावयांनी भरतीचं कोष्टक पाठवलं, आणि खाली मराठीत, रोमन अक्षरांत लिहिलं, 'अत्ते, त्या वेळी रस्त्यावर समुद्र असेल.' समुद्रापुढे मास्तरकी चालत नाही. तो दिवस आधी ठरवला आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवले. तिकडे जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. आधी भरती बघा, मग मुक्काम ठरवा.

शेवटी बेरिक, ऐन सीमेवरचं गाव. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ते तेरा वेळा हातोहात गेलं असं सांगतात. १४८२ पासून इंग्लंडकडे आहे, पण गावचा फुटबॉल संघ स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो. ज्या किल्ल्याच्या दिवाणखान्यात १२९२ साली स्कॉटलंडचा राजा कोण याचा निवाडा झाला, तिथे आज रेल्वेचा फलाट आहे. बेळगावच्या माणसाने हे गाव चुकवू नये.

इतकं झाल्यावर एक दिवस उरला. घरीच बसू, असं मी म्हणाले. तेव्हा जावयांनी साउथ शील्ड्सचं नाव सुचवलं. घरापासून जवळ, टाइन नदीच्या मुखाशी. तिथे अर्बेया नावाचं रोमन ठाणं आहे, आणि त्याच्या संग्रहालयात १८७८ साली सापडलेली एक समाधीशिळा. त्यांनी तिचा फोटो पाठवला.

शिळेवर खुर्चीत बसलेली बाई. हातात सूतकताईचं सामान, एका बाजूला लोकरीचे गुंडे, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. नाव रेजिना. इथल्याच ब्रिटनमधल्या एका जमातीतली. आधी दासी होती, मालकाने तिला मोकळं करून बायको केलं. तो बराटीस, सीरियातल्या पामायरा शहराचा, म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटरवरचा. ती तिसाव्या वर्षी गेली. त्याने शिळेवर राज्याच्या भाषेत, लॅटिनमध्ये, रीतसर मजकूर कोरवला. त्यात व्याकरणाच्या चुका आहेत. त्याच्या खाली एकच ओळ त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि लिपीत आहे, ती मात्र सफाईदार. 'बराटीसने मोकळी केलेली रेजिना, हाय' एवढंच त्या ओळीत आहे. त्या गावात ती लिपी किती जणांना वाचता येत असेल? तरी त्याने ती कोरवली.

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. दरबारची भाषा एक, रडायची एक, आणि बायकोची बहुधा तिसरीच. माझा नातू आईशी मराठीत, बाबांशी कन्नडमध्ये आणि शाळेत इंग्रजीत बोलतो. त्याचं काही अडत नाही. अडलं होतं ते माझंच. जावयांनी तो फोटो काही मनात ठेवून पाठवला का, मी विचारलं नाही. ते तसे माणूस नाहीत.

रात्री फोन केला. "शेवटचा दिवस पहिला केला तर चालेल? मला ती शिळा आधी बघायचीय."

"चालेल की, अत्ते," ते म्हणाले. "पण गरम कपडे घ्या. नदीच्या तोंडाशी वारा फार असतो."

आता पक्की यादी फ्रिजवर लावली आहे. सतरांतली नऊ ठिकाणं उरली आहेत. रोज दुपारचं जेवण लिहिलं आहे. लेकीसाठी कुंदा आणि जावयांसाठी पेढा न्यायचा बेत मात्र बारगळला, दुधाचे पदार्थ तिथे विमानतळावर काढून घेतात. मग काय नेऊ, असं विचारल्यावर लेक म्हणाली, "ह्यांना त्यांच्या आईच्या हातची शेंगा चटणी हवी असते, पण ते सांगणार नाहीत."

धारवाड आपल्यापासून दीड तासावर. नऊ वर्षांत मी विहीणबाईंकडे दोनदाच गेले आहे. काल त्यांना फोन केला. माझी कन्नड मोडकी, त्यांची मराठी तशीच. पण चटणीचं जमलं. रविवारी हे आणि मी आणायला जाणार आहोत. जेवायलाच या म्हणाल्या.