उसनी छत्री

कविता एकदा छापून आली की ती कवीची उरते का, हा प्रश्न वर्गात आपण अनेकदा चघळतो. मला त्याचे उत्तर चिक्कडपल्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मिळाले.

विद्यार्थिदशेत मी वडिलांवर एक कविता लिहिली होती. भर पावसात उसनी छत्री धरून ते मला परीक्षेला पोचवायला आले, एवढाच तिचा विषय. महाविद्यालयाच्या वार्षिकात ती छापूनही आली. पुढे वडील गेले. काही वर्षांनी संग्रह काढायचे मनात आले आणि मी जुन्या कविता घेऊन रोज संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या शहर केंद्रीय ग्रंथालयात बसू लागलो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या गर्दीत एखादी खुर्ची मिळाली, की माझी पेन्सिल चाले. त्या कवितेतली छत्री मला खटकली. तिच्या जागी मी आभाळ आणले. ओळ भारदस्त झाली, वृत्तही सावरले.

घरी येऊन आईला वाचून दाखवली. भाजी निवडता निवडता ती ऐकत होती. म्हणाली, "छान आहे रे. पण ती छत्रीची कुठे गेली?"

"हीच ती. दुरुस्त केली."

तिचे हात थांबले. "छत्री मी मागून आणली होती शेजारून. ह्यांना मागायची लाज वाटायची." आणि जुनी कविता तिने अडखळत का होईना, पुरी म्हणून दाखवली. अंक केव्हाच हरवला होता. कविता तिच्याजवळ होती.

त्या रात्री मला एकनाथ आठवले. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत नकला होता होता पाठभेद शिरले होते. १५८४ साली नाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. स्वतः केवढे कवी! पण तेथे ते वाचकाच्या नात्याने वागले. पुढच्यांनीही तीत आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले. दुसऱ्या टोकाला इंग्रज कवी ऑडेन. १९३९ साली युद्ध सुरू झाले त्या वेळची आपली गाजलेली कविता त्याला पुढे अप्रामाणिक वाटू लागली आणि १९६६च्या संग्रहातून त्याने ती गाळली. वाचकांनी मात्र ती सोडली नाही. २००१ साली न्यूयॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा लोकांनी तीच पुन्हा एकमेकांना वाचून दाखवली.

ऑडेनने खोटे वाटले ते गाळले. मी खरे होते ते गाळले. वृत्त हे निमित्त होते. आमच्या घरी छत्री नव्हती, हे संग्रह वाचणाऱ्यांना कळू नये, एवढेच खरे कारण. वडिलांची लाज माझ्याकडे आली होती. आईने नुसते विचारले आणि ते उघडे पडले.

कवीने फेरफार करू नयेत, असे मी म्हणणार नाही. तो त्याचा अधिकारच आहे. पण शब्द खोडण्यापूर्वी तो का खोडतो आहोत, हे स्वतःला विचारावे. आणि ज्याला जुना पाठ मुखोद्गत आहे, असा एखादा वाचक असेल तर त्यालाही विचारावे.

छत्री मी परत आणली. वृत्त तेथे अडखळते. आईही तेथेच अडखळली होती.