कमेंट्स बंद

तापात पडल्या पडल्या आमच्या चॅनेलचे जुने व्हिडिओ बघत होतो. जासईच्या ओटीवर आजी आगरी बोलीत गोष्ट सांगतेय, मागे बंदराकडे निघालेल्या ट्रेलरचा हॉर्न. खाली कमेंट्स बंद. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड बसला. म्हणून २०२० पासून व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हटला की प्रतिक्रिया नाहीत, आवडीनिवडी हेरणाऱ्या जाहिराती नाहीत. कमाईचं सोडा, आजी अजून विचारते, “कोन काय बोल्ला?” काय सांगू?

तरीही भाची मोबाइल चाळते तेव्हा तिच्या बोटांचा हिशेब कुणी ठेवू नये, असंच वाटतं. तिकडे अमेरिकेत वयाची रेघ तेरावर. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरावर. नियम योग्यच आहे. झळ मात्र आमच्यासारख्यांना जास्त बसते.